आवाज साफ येतो का

मोतीरामने रिमोटचं बटण दाबून धरलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बारावरून चाळीसवर गेला. शोकेसमधल्या काचेच्या वाट्या थरथरल्या. टीव्हीखाली ठेवलेल्या काळ्या लांबट साउंडबारमधून सिनेमातल्या नायकाचा आवाज निघाला आणि उघड्या दारातून सरळ गल्लीत गेला.

अनुपने वडिलांच्या समोर येऊन रिमोट काढून घेतला आणि आकडा पुन्हा बारावर आणला.

“बाबा, माह्या सासुरवाडीले, मूर्तिजापूरले ऐकू जाईल हे!”

“जाऊ दे. व्याह्याच्या टीव्हीचं बिल तरी वाचंल,” मोतीराम म्हणाला. “पण आवाज म्हंजे नुसता गोंगाट हाये, बाप्पा. शब्द कुठी हायत त्याच्यात?”

अनुप हसला, पण त्याच्या कपाळावर आठी पडली. साउंडबार आणून सहा दिवस झाले होते. परत द्यायचा असेल तर उद्या, सोमवारपर्यंतच मुदत होती. आज रविवार, ऑफिसला सुट्टी, म्हणून दुपारचं जेवण होताच तो वडिलांना टीव्हीसमोर घेऊन बसला होता.

वर्षभर मोतीराम म्हणत होता की टीव्हीचा आवाज फाटला आहे. आवाज वाढवला की समोरच्या घरातून निरोप येई, कमी केला की मोतीराम उठून बाहेर जाऊन बसे. शेवटी अनुपने सेलमध्ये हा स्वस्तातला साउंडबार मागवला. त्याच्या पोटातच इंटरनेटची सोय होती. घरातला जुना टीव्ही त्याला एका केबलने जोडला की सिनेमे, मालिका, बातम्या सगळं त्यावर दिसे. वेगळा डबा घ्यायची गरज नव्हती. ललिताला ते आवडलं होतं. एका रिमोटवर सगळं चालतं, एवढं तिच्यासाठी पुरे होतं.

ती भिंतीला टेकून मेथी निवडत होती. तिला तरी आवाज स्वच्छ येत होता. गाण्यातली ढोलकी वेगळी कळत होती, बाई हळू बोलली तरी समजत होतं.

“तुले कसा वाटते, आई?” अनुपने विचारलं.

“मले तं चांगला वाटते.”

“तिले काय, तिले डब्बा फुटका असला तरी चालते,” मोतीराम म्हणाला. “हे पाय. त्याचं तोंड एक बोलते अन् डब्बा दुसरंच बोलते.”

अनुप एकदम सरसावून बसला. आवाज मागे पडतो ही तक्रार त्याने इंटरनेटवर या साउंडबारबद्दल वाचली होती, आणि वडिलांनी ती बरोबर पकडली याचा त्याला आनंद झाला. तो सेटिंगमध्ये गेला, आवाज थोडा पुढे केला, थोडा मागे केला. पाच मिनिटांनी त्याने कपाळावर हात मारला.

“अहो बाबा, तो पिक्चरच तेलुगू हाये. हिंदीत डब केलेला. ओठ कसे जुळतीन?”

“मंग अशी भानगड लावताच कशाले?”

अनुपने मराठी बातम्या लावल्या. पडद्यावर बाई ताठ बसून समोर पाहत बोलत होती. मोतीरामने मान हलवली.

“हां. आता साफ हाये.”

“आवाज तेवढाच हाये, बाबा. बारावर.”

“असंल. पण साफ हाये.”

तेवढ्यात बाई गेली आणि कुठल्याशा पुराचं चित्र आलं. मागून तिचाच आवाज बोलत राहिला. मोतीरामचा चेहरा बदलला. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग अनुपकडे, मग ललिताकडे, जणू तिच्या तोंडावर काही लिहिलेलं होतं.

“गेला,” तो म्हणाला. “पाय, गेला पुन्हा. येतो अन् जातो. फॉल्ट हाये याच्यात.”

ललिताच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

आवाज गेलेला नव्हता. पुरात किती गावं अडकली ते तिने शब्दन् शब्द ऐकलं होतं.

“कंपनीले फोनच लावतो,” अनुप म्हणाला. घरात रेंज कमी असे, म्हणून तो मोबाइल घेऊन अंगणात गेला. तिकडून त्याचं “हॅलो, हॅलो” ऐकू येऊ लागलं.

ललिताने मेथी बाजूला सारली. तिला एकाएकी जीन आठवली. अकोल्यातल्या त्या जिनिंग कारखान्यात ती नऊ वर्षं होती आणि मोतीराम सव्वीस. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे दोन्ही बाजूंना ओळीने चालत. त्या धडधडीत शेजारच्या माणसाची हाकही ऐकू येत नसे. म्हणून तिथे कुणी आवाज काढतच नसे. समोरासमोर उभं राहून ओठांनी शब्द पूर्ण घडवायचा, आणि समोरच्याने तो डोळ्यांनी घ्यायचा. सुट्टी कधी, डब्यात काय, मुकादम आला, सगळं तसंच. लग्नानंतरची त्यांची निम्मी भांडणं रेच्यावर झाली होती आणि कुणालाच ऐकू गेली नव्हती. तिने काम सोडलं तशी तिची ती सवय गेली. त्याची गेली नव्हती, एवढंच. घरात कुणी पाठमोरं बोललं की तो ओ देत नसे, आणि ती त्याला तुसडा म्हणत असे.

बातम्यांत पुन्हा माणूस आला. या वेळी एक तरुण वार्ताहर बाजार समितीच्या दारात उभा राहून समोर बघत बोलत होता. ललिताने रिमोट उचलला. एकेक करून तिने आवाज खाली आणला. दहा. सात. तीन. घरात फक्त पंख्याची घरघर उरली.

तिने मोतीरामच्या गुडघ्याला हात लावला. त्याने तिच्याकडे पाहिलं.

“आता?” तिने विचारलं.

“आता एकदम साफ,” मोतीराम म्हणाला. त्याचे डोळे पुन्हा वार्ताहराच्या तोंडावर गेले. “सांगून राहिला ना, हमालाईचा संप हाये. उद्या बाजार बंद. असा आवाज पायजे. अनुपले बोलाव, त्याले म्हण…”

तो थांबला. पडद्याच्या खालून अक्षरं पळत होती. ती त्याला कधीच पकडता येत नसत. पण कोपऱ्यात एक आकडा स्थिर होता, आणि आकडे त्याला येत होते. तिथे शून्य होतं.

त्याने ते शून्य बराच वेळ पाहिलं. मग साउंडबारकडे पाहिलं. मग दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवले.

ललिताला वाटलं होतं तो चिडेल, रिमोट हिसकावून घेईल. तो तिच्याकडे वळला. त्याचे ओठ हलले, रेच्यावर हलायचे तसे, आवाज न काढता.

अनुपले सांगू नको.

इतक्या वर्षांनी तिला तो शब्दन् शब्द समजला. तिनेही ओठांनीच विचारलं, कधीपासून? त्याने हात हवेत फिरवला. लई दिवस झाले.

जीन बंद पडल्यावर मोतीरामने रिक्षा घेतली होती. जठारपेठेतली आठ लेकरं तो रोज शाळेत नेई आणि आणे. लेकरं त्याला आजोबा म्हणत. दर जूनमध्ये पालक स्वतःहून येऊन विचारत, यंदाही तुम्हीच ना? या एका गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. साठीनंतर रिक्षा सोडा असं अनुप दोनदा म्हणाला होता, तेव्हा दोन दिवस तो मुलाशी बोलला नव्हता.

गुरुवारी एक टँकर रिक्षाला घासून गेला आणि बाजूचा आरसा तुटून पडला. मोतीरामने घरी सांगितलं, टँकरवाल्यानं हॉर्नच दिला नाही, आजकाल असेच चालवतात. सगळ्यांनी टँकरवाल्याला शिव्या घातल्या. पण आज सकाळी नळावर शेजारची पार्बताबाई, जिचा नातू पिंटू त्याच रिक्षात जातो, ती हसत सांगत होती, “कसला हॉर्न माय तो! आमचा पिंट्या म्हणे, आजी, आमी समदे कानात बोटं घालून बसलो.” पोर वाढवून सांगतं, असं ललिताला तेव्हा वाटलं होतं.

आता ती ओठांनी म्हणाली, गुरुवारी त्यानं हॉर्न दिला होता.

मोतीरामने खिडकीकडे तोंड वळवलं. तिने त्याची हनुवटी धरून चेहरा पुन्हा आपल्याकडे केला. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं.

आठ लेकरं हायत, ती म्हणाली.

मी सांभाळून चालवतो. आरशात पाहतो.

आरसा तुटला.

नवीन लावतो उद्या.

त्याच्या ओठांच्या कडा थरथरल्या, आणि पुढचा शब्द तिला नीट वाचता आला नाही. तो बहुतेक तिचं नाव होतं.

अनुप मोबाइल खिशात घालत आत आला.

“ते म्हणतात, डब्ब्यात फॉल्ट असंल तर उद्या माणूस येऊन घेऊन जाईल. मंग काय करू? ठेवायचा का द्यायचा?” त्याने टीव्हीकडे पाहिलं. “अन् हे म्यूट कोणं केलं?”

मोतीराम त्याच्याकडे पाहत नव्हता. तो ललिताकडे पाहत होता.

ललिता उठली. निवडलेली मेथी पदरात घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. अनुपला हाक मारून आत घेता आलं असतं. ओट्याकडे तोंड करून हळू आवाजात सगळं सांगता आलं असतं. मोतीरामला फक्त तिची पाठ दिसली असती, आणि उद्या सकाळी रिक्षाची किल्ली जागेवर नाही हे त्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं असतं.

ती दारातून मागे फिरली. मेथी शोकेसवर ठेवली. खिडकीजवळचं स्टूल ओढून ती मोतीरामच्या अगदी समोर बसली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी.

“अनुप, तू बी बस इथं.”

“काहून? काय झालं?”

“डब्ब्यात काई बिघाड नाई,” ललिता म्हणाली.

ती मोठ्याने बोलत होती, मुलाला ऐकू जाईल असं, पण सावकाश, एकेक शब्द ओठांवर पूर्ण घडवून. आणि बोलताना ती मुलाकडे पाहत नव्हती.

मोतीरामला मान खाली घालता आली असती. त्याने घातली नाही. शेवटपर्यंत तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.