रुपीबाईची टोळी

“जड काम द्यायचं नाही, असं डॉक्टरनं लिहून देल्लं,” हजेरीबाबू म्हणाला. “उद्यापासून बायांच्या टोळीत जाय. तेवढंच हलकं काम आहे आपल्याकडे.”

“बायांच्या?” फुलसिंगनं विचारलं.

“काहून, लाज वाटून राह्यली? तेही जमलं नाही तर नाव कमी होईन. मंग खोलीही सोडा लागते.”

राजूरकडच्या त्या खाणीत जखमी माणसासाठी कामाचे तीन भाग पाडले होते. खाली उतरून कोळसा तोडणं, भरणं हे भारी. कोळशाचे डबे रुळावरून ढकलणं हे मधलं. आणि बाया करतात ते हलकं. बाबूला त्यात चूक दिसत नव्हती आणि खरं सांगायचं तर फुलसिंगलाही दिसत नव्हती. छताचा दगड पाठीवर पडेपर्यंत तो खाली भरणीला होता. त्याची बायको रुपीबाई वर, वॅगन भरणाऱ्या बायांची मुकादमीण. पण तो उजाडायच्या आत खाली उतरायचा. तिला काम करताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

घरी त्यानं तिला सांगितलं. रुपीबाई भाकरी थापत होती.

“हलकं म्हणे,” ती म्हणाली. “बरं. या सकाळी.”

सकाळी रुळाजवळ बाया जमल्या. रुपीबाई एकेकीकडे बघत होती. तोंडाकडे नाही, चालण्याकडे. कोण पाय ओढते, कोणाचा हात कमरेवर आहे. “तू आज टोपलं नोको घेऊ, नुसतं भरून दे.” “तू वर जाय.” जमनी नावाच्या पोरीचे दिवस भरत आले होते. तिला कोळशातले दगड वेचायला बसवलं होतं. बसून करायचं काम ते एकच.

“मले कोणतं?” फुलसिंगनं विचारलं.

“दगड वेचाचंच तुमच्या जोगं होतं. पण तिथं जमनी हाय. थांबा जरा, पाह्यतो मी.”

“थांबू कायले? देजो टोपलं.”

बाजूला डबे ढकलणारा मन्सूर हसला. “फुलसिंगभाऊ, चुंबळ जमते का बांधाले? नाहीतर भाभीले सांग!”

“तू आपला डबा ढकल,” रुपीबाई त्याला म्हणाली.  दोन बायांनी टोपलं उचलून फुलसिंगच्या डोक्यावर दिलं.

फळी जमिनीपासून वॅगनच्या काठापर्यंत तिरपी लावलेली होती. पायाखाली ती लवत होती. खाली खाणीत त्याच्या फावड्याला कधी चढ नव्हता. फळीच्या मध्यावर त्याच्या पाठीत कळ आली, ती पायापर्यंत उतरली. टोपलं गेलं. तो गुडघ्यावर बसला. मागच्या बाईनं डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून एका हातानं त्याची बंडी धरली, म्हणून तो खाली पडला नाही.

कोणी हसलं नाही. मन्सूरही नाही.

फुलसिंग उतरला तो सरळ जमनीपाशी गेला. जमनी आपणहून उठायला लागली. “बसा भाऊ. मी घेतो टोपलं.”

“बस खाली,” रुपीबाई म्हणाली.

“रुपी,” तो हळू म्हणाला, “माहं नाव कमी होईन. खोली जाईन आपली.”

“मले समजत नाई का?”

“मी तुहा नवरा होय.”

“व्हय. अन् ते कोनाची तरी बायको होय. फळीवरून पडली त मी काय सांगू त्याले?”

मुकादमिणीची जागा फळीच्या पायथ्याशी. फळीवर राख टाकायची, म्हणजे पाय घसरत नाहीत. वरच्या उतरल्याशिवाय खालच्यांना सोडायचं नाही. वीस वर्षं ओझं वाहून रुपीबाई त्या जागेवर आली होती. तिनं राखेची पाटी फुलसिंगच्या हातात दिली, पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि त्याचं सांडलेलं टोपलं भरून घेतलं.

दुपारी बाबू आला. “हे काय? मुकादमीण ओझं वाह्यते?”

“वॅगन भरून राह्यली न बाबू? मंग?”

बाबू वॅगनकडे बघून निघून गेला.

दिवसभर फुलसिंग बायकोला वर जाताना बघत राहिला. तिची मान हलत नव्हती. टोपल्याचा सगळा भार तिनं कमरेवर घेतला होता, आणि फळी लवली की ती क्षणभर थांबून मग पाऊल टाकत होती. “सोडजो न भाऊ, झोपला का?” मागून एक बाई ओरडली, तेव्हा तो भानावर आला.

पुढे जखमी माणूस आला की बाबू त्याला रुपीबाईकडेच पाठवायला लागला. मन्सूरचं खांद्याचं हाड मोडलं तेव्हा तोही आला. तिनं त्याला चालायला लावलं, वाकायला लावलं, आणि मग कामाला लावलं. तिच्या टोळीतून कोणाचं नाव कमी झालं नाही.

काही वर्षांनी रुपीबाई तापानं गेली. चार दिवसांचा ताप.

तिरडीला खांदा द्यायला फुलसिंग पुढे झाला, तेव्हा मन्सूरनं त्याला धरलं. “तुह्या पाठीले झेपनार नाई, भाऊ.” पोरबाळ नव्हतं, म्हणून विस्तवाचं मडकं त्याच्याच हातात दिलं. ते धरून तो तिच्यापुढे चालू लागला. थोडं गेल्यावर तो पाय ओढू लागला, तशी शेजारच्या माणसानं मडक्याला खालून हात लावला.

“राहू दे, मीच नेतो,” फुलसिंग म्हणाला.