धुऱ्यावरचा उंबर

देवीदासने कुऱ्हाडीच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि उंबराच्या बुंध्याशी उभा राहिला. धार चांगली होती. हात मात्र उठत नव्हता.

"कर ना सुरू," हेमराज म्हणाला. "ऊन चढून राहिलं."

उंबर दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर होता. त्याच्या सावलीने हेमराजच्या बागेतली चार संत्र्याची झाडं फळ धरत नव्हती. पण उंबर पडला दत्ताचं झाड. हेमराज त्याला कुऱ्हाड लावणार नव्हता, सौंसरहून आणलेला मजूरही हात जोडून परत गेला. तेव्हा त्याला शेजारचा देवीदास आठवला. बौद्ध माणसाला कसला आला दोष? सकाळीच त्याने बुंध्याला हळदकुंकू वाहून माफीही मागून घेतली होती. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवावी तर अशी, साग्रसंगीत.

देवीदासला राग आला होता, पण नाही म्हणवत नव्हतं. तीन उन्हाळे त्याची वांगी हेमराजच्या विहिरीच्या पाण्यावर जगत होती आणि हेमराजने एकदाही ते बोलून दाखवलं नव्हतं. अशा माणसाला नकार कोणत्या तोंडाने द्यायचा?

वर उंबरं पिकून लाल झाली होती. हरियल, बुलबुल, तांबट, सगळ्यांचा नुसता गलका चालला होता. भर वैशाखात त्यांना दुसरं फळ तरी कुठे मिळणार!

देवीदासची बायको मालती चहा घेऊन आली. कुऱ्हाड पाहून तिथेच थबकली.

"हेमराजभाऊ, वहिनीले विचारलं का?"

"तिले काय विचारायचं? ती खाटेवर पडून आहे."

"त्याच्याचसाठी विचारून राहिली."

मणक्याच्या ऑपरेशननंतर हेमराजची बायको उर्वशी दोन महिने अंगणात खाटेवर होती. मालती रोज तिच्यापाशी तासभर बसायची.

"तुमच्या निंबाच्या ढोलीत धनेशची मादी बसली आहे," मालती म्हणाली. "आतून तोंड लिंपून घेतलं तिनं. चोच निघन एवढीच फट. पिल्लं मोठी होईस्तोवर नर बाहेरून चारते. वहिनी दिवसभर तेच पाहत राहते. म्हणते, ही बाहेर निघन तवा मी बी उठीन."

"माहीत आहे मले. मंग?"

"मंग चारते काय, ते पाहा."

तिने वर बोट दाखवलं. मोठ्या वाकड्या चोचीचा एक राखी पक्षी उंबरं तोडून तोडून गिळत होता. गळा फुगला तसा तो उडाला आणि बागेवरून थेट हेमराजच्या घराकडे गेला.

"गळ्यात भरून नेते," मालती म्हणाली. "तिथं एकेक काढून देते तिले."

हेमराज बराच वेळ तिकडे पाहत राहिला. सकाळी तो उर्वशीला दूधभाकरीचे घास भरवून आला होता. त्याची बोटं नकळत घास धरल्यासारखी जुळली.

"देवीदास, कुऱ्हाड दे."

देवीदासने ती लगेच दिली. त्याला एवढं हलकं वाटलं की मालतीचे पाय धरावेत. हेमराज मात्र घराकडे वळला नाही. तो बागेत शिरला आणि सावलीतल्या पहिल्या संत्र्याच्या बुडाशी त्याने वाकडातिकडा घाव घातला.

"भाऊ, हे काय करून राहिले?" देवीदास धावला. "द्या, मी तोडतो."

"नको," हेमराज म्हणाला. "उंबर राहीन, तं ही झाडं काही फळणार नाही. हे मलेच तोडू दे."