बोरीखालची माती

तानाबाईने पायपुसण्यावर तिसऱ्यांदा पाय घासले, तरी तिचं पाऊल आत पडेना.

"चल की," गेनू हळूच म्हणाला. "साहेबानं बलावलंय आपल्याला. चोरी कराया न्हाई आलो."

आकुर्डीच्या रस्त्यावरचा हा बंगला कुणा गोऱ्या कर्नलाने बांधलेला. गोरे गेले त्याला आठ वर्षं झाली होती. आता नव्या कारखान्याचे मोठे इंजिनियर यशवंतराव तिथे राहत. जेवणाचं दालन मात्र कर्नलाच्या वेळचंच होतं. वीस माणसं बसतील असं सागवानी टेबल, काचेच्या कपाटात निळ्या नक्षीच्या बशा, छताला दोरीने ओढायच्या पंख्याच्या कड्या, आणि बागेकडे उघडणाऱ्या माणसाहून उंच खिडक्या. एवढ्या टेबलाच्या एका टोकाला साहेब आणि त्यांच्या पत्नी शालनबाई, दोघंच दुपारच्या चहाला बसले होते. आपलं अख्खं खळं इथे मावलं असतं, असं गेनूला वाटून गेलं.

रहाटणीहून निघताना नवरा-बायकोचं ठरलं होतं: शब्द मिळाल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. त्यांच्या घरची रीतच होती ती. ज्याच्याकडे मागायला जायचं, त्याचा चहा काम झाल्यावर घ्यायचा. आधी प्यायलात की मागणं संपलं, मग तोंड उघडायचं नाही.

आणि मागणं तरी केवढंसं! जमीन कारखान्यात गेली होती, तिच्याबद्दल गेनू अवाक्षर काढणार नव्हता. विहिरीपलीकडे बांधावर एक बोर होती, तिच्याखालची दोन हात जागा, बस्स. चार वर्षांपूर्वी त्यांचा दादू तापाने गेला, अकरा महिन्यांचा. एवढ्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. गेनूने त्याला तिथे ठेवलं आणि नदीवरून खांद्यावर आणलेले तीन चपटे दगड वर मांडले. त्यानंतर घरात पाळणा हलला नाही. कारखाना भोवतीने बांधा, पण तेवढ्या जागेला कुदळ लावू नका, एवढंच त्याला सांगायचं होतं. रानाभोवती काटेरी तार पडून महिना झाला होता. राखणदार आत सोडत नव्हता आणि कचेरीतला कारकून म्हणत होता, अर्ज लिहून आणा. असल्या गोष्टीचा अर्ज काय डोंबल लिहिणार?

"या गेनूबा, बसा. अहो, खाली नको, खुर्चीवर बसा," यशवंतराव म्हणाले.

माणूस सज्जन होता, हीच तर पंचाईत. शिव्या घालणाऱ्यापुढे बोलायला जीभ तरी उचलते. तानाबाई खुर्चीच्या कडेला टेकली आणि तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. शालनबाईंनी किटलीवरची लोकरी टोपी काढून चार कप भरले.

"ऱ्हाऊ द्या बाईसाहेब," गेनू म्हणाला. "आदी जरा बोलायचं हुतं."

"बोला की, पण चहा घेऊन. आमच्याकडे आधी चहा, मग काम," यशवंतराव हसले.

कुणीच हात लावला नाही. कपातल्या चहावर साय धरू लागली. तानाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. गेनूने घसा खाकरला.

"साहेब, आमच्या रानात, हिरीच्या पल्याड, एक बोर हाय..."

"अगबाई, ती बोर!" शालनबाई एकदम उठल्याच. "तिच्यासाठी तर तुमचे आभार मानायचे होते. इकडे या, दाखवते. ही बाग नुसता मुरूम हो, काही जगत नव्हतं. परवा ह्यांनी त्या बोरीखालची दोन गाड्या माती आणवली. बोर पाडून पाया तिथूनच सुरू केला ना. काय माती आहे, अगदी लोण्यासारखी! सगळी गुलाबाला घातली. वर तीन चपटे दगड होते, तेही आणले. ते बघा, वाफ्याच्या कडेला."

गेनूने उठून खिडकीतून पाहिलं. मधल्या दगडाचा कोपरा उडालेला होता. तो कसा उडाला, हे त्याला ठाऊक होतं. नदीवरून आणताना त्याच्याच हातून पडला होता.

"बोला ना, बोरीचं काय म्हणत होता?" यशवंतरावांनी विचारलं.

तेवढ्यात मागे बशी वाजली. तानाबाईने कप उचलला होता. तिने बशीत चहा ओतला आणि फुंकर न घालता, एका दमात पिऊन टाकला.

"अवं, प्या की," ती म्हणाली. "गार झालाय."

गेनू परत येऊन बसला आणि प्यायला. साय ओठाला चिकटली.

"बोरं लई ग्वाड हुती," तो म्हणाला. "येवढंच सांगायचं हुतं."

"अरेरे! आधी सांगितलं असतंत तर ठेवली असती," यशवंतराव म्हणाले, आणि ते खरंच हळहळले.

निघताना शालनबाईंनी कुंकू लावलं आणि ओटीसाठी वाटीत तांदूळ आणले. तानाबाईने पदर पसरला, पण वाटीवर हात आडवा धरला.

"तांदूळ नगं बाईसाहेब. त्या वाफ्यातली वंजळभर माती घाला."

"ओटीत माती? अहो, असं कुणी करतं का!"

"असू दे गं, जमिनीची माया असते त्यांना. घाल," यशवंतराव म्हणाले.

शालनबाई वाफ्याशी वाकल्या. तानाबाई त्या तीन दगडांपाशी पदर धरून बसली. एक ओंजळ पडली, दुसरी पडली, तिसरीही पडली, तरी तिने पदर मिटला नाही. शेवटी शालनबाईच थांबल्या आणि हात झटकून म्हणाल्या, "पुन्हा या हं चहाला."

फाटकाबाहेर आल्यावर तानाबाईने पदराची गाठ मारली आणि ते ओझं कडेवर घेतलं. उन्हं अजून चटकत होती. दोघं रहाटणीच्या वाटेला लागले.

"आण इकडं," गेनू म्हणाला. "जड झालं आसंल."

"न्हाई जड," ती म्हणाली. "अकरा म्हयन्याचाच तर हाय."

गेनू मागून वळसा घालून तिच्या उन्हाच्या बाजूला आला आणि तिच्या कडेवर सावली पडेल असा चालू लागला.