मंगळवार-शनिवारचं पाणी

माझं डोकं तापट आहे. आमच्या गिरीज गावात कोणालाही विचारा, पांडुरंग म्हटलं की आधी हेच सांगतील. माझी बायको रखमा होती तोवर ती सांभाळून घ्यायची. ती गेली आणि भांडायलाही कोणी उरलं नाही.

एक वर्ष मी एकट्याने काढलं. सकाळी केळीच्या वाडीत जायचं, दुपारी पेज आणि सुकट, संध्याकाळी ओट्यावर बसायचं. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही, मग केळींशीच बोलायचो. लोकांनी ऐकलं असेल तर ऐकू दे.

आमच्यात रीत आहे. बायको गेली की वर्षभर नवऱ्याने घर सोडायचं नाही. वर्षश्राद्ध झालं की मुलगा बापाला आपल्याकडे घेऊन जातो. ‘येता का’ असं मुलगा विचारत नाही आणि ‘येतो’ असं बाप सांगत नाही. श्रीपतला त्याच्या मुलाने असंच दादरला नेलं, नथूला बोईसरला. दोघेही परत आले नाहीत, सणापुरते येतात.

माझा विठ्ठल भिलाईला इंजिनीअर. वर्षश्राद्धाला तो जुनी फियाट घेऊन आला, सून प्रेमलता आणि सात वर्षांची नात बरोबर. तीन दिवस गाडी चालवत आला. तेरावं-चौदावं झालं तेव्हा रेल्वेने आला होता, आणि आता गाडी. मला काय ते कळलं. अकराशे किलोमीटर माणूस उगाच गाडी हाकत नाही, बापाचं सामान न्यायचं असतं म्हणून आणतो. श्राद्ध आटोपल्यावर तो म्हणाला, ‘आबा, परवा निघू. तुम्हीही चला आमच्याबरोबर.’ मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बावखलावर गेलो. आमच्या चौघांच्या वाड्यांच्या मध्ये हे गोड्या पाण्याचं तळं आहे, आणि कोणी कोणत्या दिवशी पाणी ओढायला इंजिन लावायचं ते आजोबांच्या काळापासून ठरलेलं आहे. माझे दिवस मंगळवार आणि शनिवार. माणूस गाव सोडतो तेव्हा सगळ्यांसमोर आपले दिवस दुसऱ्याला देतो, आणि दिलेले दिवस वर्षभर मागायचे नाहीत. घेणारा त्या पाण्याच्या भरवशावर नवी केळ लावतो ना.

मी माझे दिवस फेबियनला दिले. माझ्या बांधाला त्याचा बांध, पन्नास वर्षांचा शेजार.

‘पांडू, नक्की ना?’ तो म्हणाला. ‘तुझी वाडी एप्रिलपर्यंत वाळून जाईल.’

‘वाळू दे. मी काय बघायला असणार आहे?’

त्याने माझा हात धरून ठेवला. मला रडू आलं असतं, म्हणून मी त्याच्या इंजिनाला शिव्या घातल्या.

निघालो. पुढे विठ्ठलशेजारी मी, मागे मायलेकी. पहिल्या दिवशी कसारा घाट, नाशिक, मुक्काम धुळ्याला. नात आईशी हिंदीत बोलायची. बोलताना तिने दोनदा ‘दादाजी’ म्हटलं तेव्हा माझ्याबद्दल चाललंय एवढं समजलं. मी मागे वळून हसलो की ती गप्प व्हायची. हरकत नाही, म्हटलं, होईल सवय. सहा महिन्यांत हिला आपली बोली शिकवतो.

दुसऱ्या दिवशी जळगाव आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. विठ्ठलने कौतुकाने गाडी थांबवली, म्हणाला, ‘बघा आबा, केवढी शेती.’

‘शेती कसली, फौज आहे,’ मी म्हटलं. ‘एका रांगेत उभी केलीत. आमच्या राजेळीचा वास तरी आहे का ह्यांना?’

प्रेमलता हसली. बरं वाटलं. मग मी धीर करून तिला विचारलं, ‘तुमच्या क्वार्टरच्या मागे जागा किती?’

‘आहे थोडी. कपडे वाळत घालतो.’

‘ऊन?’

‘दुपारपर्यंत असतं.’

‘आणि पाणी?’

‘सकाळी दोन तास नळ येतो.’

दोन तास पुष्कळ झाले. अकोल्यापर्यंत मी मनातल्या मनात चार केळी, एक अळूचा वाफा आणि कोपऱ्यात अबोली लावून टाकली. कपड्यांची दोरी थोडी सरकवायला सांगायची होती, पण पहिल्याच दिवशी सुनेच्या दोरीला हात कशाला लावा. नागपूरला मुक्काम केला तेव्हा मला फार छान झोप लागली. वर्षभरात तशी लागली नव्हती.

तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या पुढे एका ढाब्यावर जेवायला बसलो. नातीला वरण-भात कालवून देता देता प्रेमलता म्हणाली, ‘आबा, तुमचं परतीचं तिकीट मी आधीच काढून घेतलंय. बारा तारखेचं, दुर्गहून. खालचा बर्थ मिळालाय, त्रास होणार नाही.’

मी रोटीचा तुकडा तोडत होतो, तो तोडत राहिलो.

‘पंधरा दिवस तुम्हाला जरा बदल,’ विठ्ठल म्हणाला. ‘जास्त ठेवून घेतलं असतं, पण तुमचा जीव वाडीत. तिकडे करमायचं नाही तुम्हाला.’

त्याला रीत आठवतच नव्हती. सोळाव्या वर्षी गाव सोडून शिकायला गेलेला पोरगा, त्याला कोण सांगणार? रखमाने सांगितलं असतं. मी सांगायला हवं होतं. ‘विठ्ठल, मी माझं पाणी देऊन आलोय रे,’ एवढंच वाक्य होतं. ते घशापर्यंत आलं. आणि तेवढ्यात माझं हे मेलं डोकं तापलं. बापाने मुलाकडे जागा मागायची? त्याच्या बायकोसमोर, ढाब्यावर बसून?

‘पंधरा दिवस?’ मी म्हटलं. ‘पंधरा दिवस मी तिथे करू काय? वाडीला पाणी कोण देईल? आठवड्यानंतरचं तिकीट नाही मिळालं का तुम्हाला?’

विठ्ठलने बायकोकडे पाहिलं. तिने खांदे उडवले.

‘बदलून बघतो,’ तो म्हणाला.

पुढे चार तास गाडी चालली. नात झोपली. विठ्ठलने एकदा विचारलं, ‘आबा, बरं वाटत नाही का?’ मी म्हटलं, लघवीला थांबव. झाडामागे जाऊन मी पोटभर रडलो, तोंड धुतलं आणि गाडीत येऊन बसलो.

विठ्ठल लहानपणापासून सांगितलेलं काम कधी टाळत नाही. दुर्गला स्टेशनासमोर गाडी उभी करून तो तिकिटाच्या खिडकीवर गेला. रांग मोठी होती, तरी उन्हात उभा राहिला. पाऊण तासाने घाम पुसत परत आला, तेव्हा चेहऱ्यावर आनंद होता.

‘मिळालं आबा,’ तो म्हणाला. ‘चार तारखेचं.’