‘येतो’ म्हणून गेले

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. आधीच सांगते, कुकरची नव्हे. इंग्लंडमधल्या क्रॉयडनच्या या घरात ‘शिट्टी झाली का?’ असं कुणी विचारलं की मी आशेने कान टवकारते, आणि दर वेळी चौकशी त्या कुकरचीच निघते. त्याच्या शिट्ट्या मोजतात, तीन झाल्या की धावत जाऊन गॅस बंद करतात. माझ्याकडे ढुंकूनही कुणी पाहत नाही.

माझा जन्म मेरठच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा वळवून मला आकार दिला, पोटात बुचाची गोळी घातली, वरून चकचकीत मुलामा चढवला. तिथून मी साताऱ्याला आले आणि मुरलीधर सरांच्या गळ्यात पडले. सर शाळेत खेळाचे शिक्षक होते. आमची भाषा साधी. एक लांब शिट्टी म्हणजे जिथे असाल तिथे थांबा. दोन छोट्या म्हणजे माझ्याकडे या. पळणारी, भांडणारी, चिंचेवर चढलेली पोरं माझा आवाज आला की जागच्या जागी खिळायची. सरांचा मुलगा अनुपही त्यांतच असायचा. तास संपला की मात्र सर मला वाजवत नसत. हात वर करून नुसतं म्हणत, “या आता,” आणि पोरं घराकडे सुटत. जिल्ह्याच्या स्पर्धांना आलेले पाहुणे मला हातात घेऊन बघत. केवढा माझा दरारा होता!

आता माझी दशा ऐका. सर निवृत्त झाले. अनुपच्या आई गेल्या. अनुपने वडिलांना सहा महिन्यांसाठी इंग्लंडला बोलावलं आणि सरांबरोबर मीही विमानात बसले. पहिल्याच आठवड्यात सरांनी नात तनूला घराजवळच्या मैदानात माझी भाषा शिकवली. चुणचुणीत पोर, लगेच शिकली. पण पुढे एके दिवशी ती ट्रामच्या रुळांकडे धावली, सरांनी मला जोरात फुंकलं, आणि स्टॉपवरच्या एका बाईंची कॉफी सांडली. तनू जागीच थांबली, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

“बाबा, प्लीज!” अनुप लालबुंद झाला. “इथे असं नाही चालत. लोक बघतायत!”

लोक बघतायत म्हणे! अरे, लोकांनी बघावं म्हणूनच तर शिट्टी वाजवतात!  सरांनी मात्र मला गळ्यातून काढलं आणि तनूच्या हातात दिलं. तनूने मला तिच्या बॅगेच्या चेनला अडकवलं, एका गुलाबी, केसाळ, शिंगवाल्या घोड्याशेजारी. तिथे मी लोंबकळत राहिले.

मग तनूच्या शाळेला हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी लागली आणि सगळे एक्समूरच्या राष्ट्रीय उद्यानात निघाले. सकाळी आम्ही एका खोल, हिरव्या घळीत उतरलो. तळाशी दोन नद्या खळाळत एकमेकींना मिळत होत्या. सरांनी मान डोलावली आणि म्हणाले, “संगम आपल्या माहुलीलाही आहे.” ते चार पावलं पुढे गेले की त्यांची सून आसावरी मागून त्यांचा दंड धरायची.

“बाबा, हळू. स्लिपरी आहे हं. तुम्ही इथेच बसा ना.”

ज्या माणसाने शे-दीडशे पोरं अजिंक्यताऱ्यावर चढवून सुखरूप उतरवली, त्याला हे ऐकावं लागत होतं. सर घुश्शात आले. मला त्यांचं दुःख कळत होतं, कारण मीही त्याच लायनीत होते, नुसती शोभेला आणलेली.

दुपारी समुद्रकड्यांजवळच्या कार पार्कमध्ये पोचलो. आमचा मुक्काम जवळच्याच गावात होता आणि कड्याच्या कडेने एक पायवाट तिकडे जात होती. अनुप पार्किंगच्या ॲपशी झटत होता, कारण फोनला सिग्नल नव्हता. आसावरी टॉयलेटच्या रांगेत उभी होती. बाकावर तनू क्रिस्प्स खात बसली होती.

सर तिच्याजवळ आले. “सारखं गाडीत बसून अंग आंबलं बघ माझं. बरं तनू, येतो गं मी. बाबाला सांग.”

“ओके, आजोबा,” तनू म्हणाली. सर ताठ मानेने पायवाटेला लागले.

मित्रांनो, ‘येतो’ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. सरांच्या उंबऱ्यात उभं राहून किती माणसं ‘येतो’ म्हणाली आणि चालती झाली! पण ही पोर क्रॉयडनला वाढलेली. तिच्या लेखी ‘येतो’ म्हणजे येतो. मी चेनवर आपटून आपटून थकले. शेजारचा घोडा ढिम्म हलला नाही.

दहा मिनिटांनी आईबाप परतले. “आजोबा कुठायत?”

“आजोबा येतो बोलला.”

“बोलला नाही गं तनू,” आसावरी म्हणाली. “म्हणाले. आजोबांना म्हणाले.”

व्याकरण तेवढं सुधारलं! अर्थाचं काय? तिघं निवांत बाकावर बसली आणि आजोबा येण्याची वाट पाहत सँडविच खाऊ लागली. माझा नुसता जळफळाट झाला.

तेवढ्यात समुद्रावरून धुकं वर आलं. आधी खालचं पाणी दिसेनासं झालं, मग कडे, मग समोरची गाडीसुद्धा. आसावरीचा घास हातातच राहिला. “तनू, आजोबा नक्की काय म्हणाले? अगदी शब्द न् शब्द सांग.”

“बरं तनू, येतो गं मी. बाबाला सांग.”

आसावरी ताडकन उठली. “अनुप! अरे, येतो म्हणाले म्हणजे ते गेले!”

“पण त्याने कमिंग बोलला!” तनू रडवेली झाली. “मग जातो का नाही बोलला?”

“जातो असं म्हणत नाहीत गं.”

“व्हाय नॉट?”

याचं उत्तर द्यायला तिथे कुणाला वेळ नव्हता. अनुपने वडिलांचा नंबर लावून पाहिला. लागला नाही, आणि लागला असता तरी काय, त्यांचा फोन गाडीच्या सीटवरच पडला होता. तिघं पायवाटेने निघाली. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला उतार, आणि उतार संपतो तिथे सरळ समुद्र. अनुप “बाबा! बाबा!” असा ओरडत होता. वारा त्याचा आवाज ओठांवरूनच पळवत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी तोंडाने “काही होणार नाही, काही होणार नाही” चाललं होतं. मला भीती वाटत होती. सर हट्टी आहेत आणि धुक्यात हट्टी माणसाला वाट दिसत नाही.

अचानक तनू थांबली. तिने बॅग पुढे ओढली, मला चेनवरून उपसलं आणि तोंडात धरलं. किती दिवसांनी! मग तिने फुंकलं. एक लांब.

माझ्या पोटातली गोळी जी थरथरली, ती सगळ्या धुक्यात घुमली. आणि काय सांगू, पुढे चाललेला अनुप, बँकेतला बडा अधिकारी, एक पाय उचललेलाच ठेवून जागच्या जागी खिळला.

तनूने पुन्हा फुंकलं. तेव्हा उताराच्या बाजूने, जिथे वाट नव्हतीच तिथून, खणखणीत आवाज आला.

“कोण वाजवतंय ते? गालातून नको. पोटातून फुंक!”

 तनूने मग दोन छोट्या फुंकल्या, पुन्हा दोन, पुन्हा दोन. तिचे अश्रू माझ्यावर ओघळत होते, पण तिने सूर सोडला नाही. त्या सुरामागून सर एकेक पाऊल टाकत वर आले. गुडघे चिखलाने माखलेले, तळवे खरचटलेले.

घटकाभराने धुकं फाटलं तेव्हा सगळ्यांना दिसलं. सरांनी पायवाट समजून धरली ती रानबोकडांची वाट होती. खाली थोडं जाऊन ती संपत होती. पुढे काहीच नव्हतं.

“शिट्टी ऐकली आणि पाय थांबले,” सर हळूच म्हणाले. “डोक्याला नंतर कळलं.”

अनुपचा बांध फुटला. “बाबा, काय हे? ‘येतो’ सांगून जाता कुठे तुम्ही?”

“मग काय, पोरीला ‘जातो’ म्हणू?” सर म्हणाले. “तुझी आई ‘जाते’ म्हणाली होती. एकदाच.”

 अनुपने तनूच्या हातातून मला घेतलं, रुमालाने पुसलं आणि तिच्या गळ्यात घातलं. घोडा बॅगेवर एकटाच राहिला. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

सहा महिने संपले. विमानतळावर सर सिक्युरिटीच्या दाराशी वळले आणि म्हणाले, “बरं, येतो मी.” या वेळी तनूला अर्थ कळत होता. सर चालू लागले. तनूने मला तोंडात धरलं आणि एक लांब शिट्टी फुंकली.

सगळं विमानतळ वळून बघायला लागलं. लोक बघत होते, आणि अनुप त्यांना बघू देत होता. सर रांगेत पाठमोरे ताठ उभे राहिले. मागच्या माणसाने ‘एक्स्क्यूज मी’ म्हटलं तरी हलले नाहीत. पुढची शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. तनूने श्वास भरून घेतला आणि अडली. थांबवायची शिट्टी तिला येत होती, बोलवायची येत होती. पण मित्रांनो, ‘जा’ म्हणणारी शिट्टी माझ्याजवळ नाही. कधीच नव्हती.

शेवटी तिने मला तोंडातून काढलं आणि हात वर केला.

“या आता, आजोबा.”

तेव्हा सर निघाले.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला शोभेला लटकवू नका, वापरा. तुमच्या घरी कुणी ‘येतो’ म्हणून निघालं तर ‘कुठे?’ एवढं जरूर विचारा. आणि त्यांना ‘या’ म्हणा. मी रोज तनूच्या गळ्यात असते. दोन छोट्या शिट्ट्या आम्ही जपून ठेवल्या आहेत.