शेगडी विझेपर्यंत

जून लागून आठवडा झाला तरी वर्ना बीलच्या धुराड्यातून रोज सकाळी सहाच्या ठोक्याला धूर निघत होता, आणि अख्खा गाव तो बघत होता. अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात मे संपता संपता लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर जिरेनियमच्या कुंड्या ठेवून येतात, घरी येऊन शेगडीतली राख काढतात, धुराडं खरवडतात, आणि मग ऑक्टोबरपर्यंत तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. वर्नाची लोखंडी शेगडी मात्र आपली धगधगतेय. ती पेटवत होता तिचा दीर, लिनवुड.

लिनवुड नोव्हेंबरात आला. त्याच्या घरातले नळ थंडीने फुटले, तेव्हा एक सूटकेस घेऊन हा दारात उभा. म्हणाला, शेगडी विझेपर्यंत राहतो. वर्नाचा नवरा एल्डन जाऊन तीन वर्षं झालेली, त्याच्या सख्ख्या भावाला नाही कसं म्हणणार? आणि शेगडी विझेपर्यंत म्हणजे एप्रिल, फार तर फार मे. शेगडी कधी विझायची हे, जो पहाटे उठून ती पेटवतो तोच ठरवतो, एवढी साधी गोष्ट बाईच्या ध्यानात आली नाही.

बरं, तोंडावर सांगावं, तर त्या गावात कुणी कुणाला 'जा' म्हणत नाही. जीभ विटाळते जशी काही. एक पाद्री दोन रविवारांपुरता आला होता, त्याला एकोणीस वर्षं कुणी काही बोललं नाही. शेवटी बिचाऱ्याला तिथल्याच दफनभूमीत जागा द्यावी लागली. सांगायचं ते आडून सांगायचं, हवापाण्यावर घालून सांगायचं, आणि समोरच्याला कळलं नाही तर त्याच्या अकलेला माघारी नावं ठेवायची. ही तिथली सभ्यता.

तेव्हा वर्नाने धुराड्याची भाषा सुरू केली. धुराडं घासायचा तारेचा ब्रश आणि त्याच्या लांब कांड्या तिने माळ्यावरून काढून लिनवुडच्या खोलीच्या दाराशीच टेकवून ठेवल्या. लिनवुडने ब्रश उचलून बघितला, तारा अजून शाबूत आहेत म्हणाला आणि होता तिथे ठेवून दिला. मग जेवताना तिने सहज विषय काढला, की उन्हाळ्यात काजळीत ओल शिरली तर लोखंड सडतं म्हणे, आणि घरभर वास सुटतो तो वेगळाच. लिनवुडने मान डोलावली. अगदी बरोबर, म्हणाला, काजळीसारखा लोखंडाचा वैरी नाही. आणि उठून आणखी एक ओंडका आत सारला. चारी खिडक्या सताड उघड्या, आत शेगडी पेटलेली, आणि हा बाबा म्हणतो, बाहेर धुकं आहे, जरा ओल मारतो.

वर्नाचं त्याच्याशी भांडण असं काही नव्हतं. पण तो एल्डनच्या खुर्चीत बसायचा. तिने रचलेली लाकडं तिच्यादेखत उतरवून पुन्हा रचायचा. दर शनिवारी रांधायच्या गोड बीन्समध्ये काकवी कमी पडली हे न बोलता, नुसती काकवीची बाटली जवळ ओढून सांगायचा. आणि दिवसभर एकच सूर शिट्टीवर वाजवायचा, तोही अर्धाच. सात महिन्यांत त्याने तो एकदाही पुरा केला नाही.

त्यात शेजारीण ग्लेनिस. ती रुबार्बच्या आंबट देठांचा गोड पाय भाजून घेऊन यायची, खुर्चीत ऐसपैस बसायची आणि म्हणायची, माझं काही म्हणणं नाही हं वर्ना, पण लोक विचारतात. लोक म्हणजे ग्लेनिस आणि ग्लेनिसची बहीण. पण दोन बायका ठरवतील तर गावाची काय बिशाद?

शेवटी एका शुक्रवारी वर्नाने मनाचा हिय्या केला. लिनवुडच्या कपात कॉफी ओतता ओतता म्हणाली, सोमवारी धुराडं साफ करायला माणूस बोलावते. शेगडीला काळा रंगही लावून घेते, आता काही ती लागायची नाही.

लिनवुडने कपात साखर घालून ढवळली. मग म्हणाला, "माणूस कशाला? मी आहे ना. उद्या करतो."

वर्नाला झोप अशी लागली त्या रात्री! गड जिंकल्यासारखी ती शनिवारी सकाळी चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला गेली. ग्लेनिसला तिने आपणहून सांगितलं की आमचं धुराडं आज बंद होतंय. ग्लेनिसने तिचा हात दाबला.

दुपारी बाराला ती परतली तेव्हा वर्षातलं पहिलं खरं ऊन पडलं होतं, डांबर पायाला चिकटत होतं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि ती जागीच थांबली. शेगडीला काळा रंग असा चढवला होता की तोंड बघून घ्यावं. दार उघडलं तर आत राखेचा कण नाही; ओल शोषायला वर्तमानपत्राचे बोळे नीट रचलेले, वास मारायला सोड्याची बशी. धुराड्याच्या बुडाची झडप घासूनपुसून लख्ख. मागच्या अंगणात बघितलं, तर काढलेली राख लायलॅकच्या झुडपाच्या मुळाशी पसरलेली. खाली कागद अंथरून काम केलं असणार, जमिनीवर काजळीचं बोट उमटलं नव्हतं. वर्नाने पदर खोचल्यासारखी कंबर कसून खोट शोधली. मेल्याने नाव ठेवायला जागाच ठेवली नव्हती.

ओसरीवर सूटकेस उभी होती. शेजारी लिनवुड, हातात टोपी.

म्हणजे याला पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं. ब्रश कळला होता, सडणारं लोखंड कळलं होतं, ग्लेनिसचा रुबार्बचा पायसुद्धा कळला होता. वर्नाला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. आणि मागोमाग दुसरी गोष्ट उमगली. उद्या सकाळी सहाला या घरात कुणी उठलेलं नसेल.

"ऑक्टोबरपर्यंत बघायला नको," लिनवुड म्हणाला. "तेव्हा नुसती काडी लावायची."

वर्ना तरातरा आत गेली, सोड्याची बशी बाहेर काढली, आणि काडी ओढून बोळ्यांना लावली.

बाहेर अंडं फुटलं तर तव्याशिवाय शिजेल असं ऊन, आणि आत शेगडी पेटलेली! पण धूर वर जाईना. आधी शेगडीच्या फटींतून आला, मग दारातून, आणि मग घर भरून ओसरीवर आला. वर्ना खोकत, डोळे चोळत अंगणात धावली, मागोमाग लिनवुड सूटकेस घेऊन.

"वरून पत्रा बसवून तारेने आवळलाय," तो म्हणाला. "पक्षी जाऊ नयेत म्हणून. हे काय केलंस तू?"

"तुला काय वाटलं? काढ तो पत्रा."

त्याने सूटकेस खाली ठेवली. शिडी अजून भिंतीलाच होती. बहात्तर वर्षांचा माणूस मुकाट्याने चढू लागला, आणि वर्नाने खालून शिडी धरली. तो पार वर पोचल्यावर, पाठ आपल्याकडे आहे आता असं बघून, ती हळूच म्हणाली, "राहा."

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"ऐकू येत नाही गं इथे."

"राहा म्हणते मी!" वर्ना ओरडली. "जाऊ नकोस. मला एकटीला करमत नाही या घरात. आलं का आता ऐकू?"

कुंपणापलीकडे ग्लेनिस वाटाण्याला पाणी घालत होती. ते तिच्या सपातांवर पडू लागलं, तिला पत्ता नव्हता.

छपरावर पत्रा एकदा खडखडला. मग लिनवुडचा आवाज आला.

"पक्कड दे वर. तार फार घट्ट पिळलीय मी."