शिवणीतलं कापड

दादाने पँट शिलाई मशीनवर टाकली आणि नेहमीसारखं फर्मावलं, कंबर दोन बोटं सैल कर.

शिंप्याने पँट उलटी केली. मागच्या शिवणीत त्याने स्वतःच तीन बोटं जादा कापड दुमडून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की उसवायचं, वाढवून द्यायचं. या दूरदृष्टीचा त्याला कोण अभिमान.

त्याचा हा थोरला भाऊ स्टुलावर बसून धाप आवरत होता. दुकानाला पायऱ्या मोजून चार. सिगारेट बंद, मीठ कमी, रोज चालणं, असं डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद तो खिशात घेऊन फिरायचा आणि लोकांना हसत दाखवायचा. दिवसभर तिकीट खिडकीत बसणाऱ्याने चालायचं कुठे, म्हणे. वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. दादाला एक्कावन्न सरत आलं होतं. शिंप्याने पँट पुन्हा सुलट केली.

"कापड नाही उरलं, दादा."

"तू ठेवलं नाहीस?"

"चुकलं. आता नाही वाढायची ही."

दादा तोंडाला येईल ते बोलला. धंद्यात लक्ष नाही, इथपर्यंत गेला. तीस वर्षांत शिंप्याने असं कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्याने पँटची घडी करून दिली. दुसऱ्या शिंप्याची पायरी दादा जन्मात चढला नव्हता, आणि या दुकानावर तर तो आता रुसला.

आठ महिन्यांनी तो आला तेव्हा चारही पायऱ्या न थांबता चढला. जिद्दीला पेटून बसमधून दोन थांबे आधीच उतरून चालतात, सिगारेट एकीवर आलीय, हे वहिनीने सांगितलं होतंच. तीच पँट त्याने हातात आणली होती; अंगावरचीही पट्ट्याखाली चुण्या पडून लोंबत होती.

"कंबर आत घे," तो म्हणाला, "मी बसतो."

त्याने बसायला नको होतं. पण नाही कसं म्हणणार? शिंप्याने कंबरपट्टी उसवली, आणि दुमडलेलं तीन बोटं कापड बाहेर आलं, रंग न उडालेलं.

दादाची नजर त्यावर गेली. हातातलीच सुई शिंपी डब्यात शोधू लागला.

दादाने कात्री उचलून त्याच्यापुढे धरली.

"काप ते."

"असू दे की. पुढेमागे लागलं तर..."

"काप म्हणतो ना."

शिंप्याने कापलं. दादाने ती पट्टी गुंडाळून डॉक्टरांच्या कागदासोबत खिशात ठेवली आणि विचारलं, कधी येऊ न्यायला?